विणणाऱ्याची पाठ : श्रम, विसावा आणि उपचार यांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मागावर उभे राहणाऱ्यांची, डाइंगच्या खात्यात राबणाऱ्यांची आणि कापडबाजारात पाठीवर गाठोडी वाहणाऱ्यांची मुले शिकवली. त्यांच्या स्मरणार्थ बोलायचे तर विषय श्रमाशी निगडित असावा, असे मला वाटले. मराठीच्या प्राध्यापकाने उपचारशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या भाषेत गोरोबा मातीची मडकी घडवतात, सावतोबा मळा शिंपतात आणि जनाबाई जात्यावर बसतात, त्या भाषेच्या अभ्यासकाला श्रम करणारे शरीर हा परका विषय कसा असेल? शिवाय याच वस्तीतून शिकून गेलेली काही मुले-मुली आज भौतिकोपचार म्हणजे फिजिओथेरपी, आणि व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, या क्षेत्रांत काम करीत आहेत. आजचे विवेचन मुख्यतः त्यांना उद्देशून आहे.

माझा प्रश्न साधा आहे. दुखऱ्या शरीरावर उपचार करणाऱ्याने, ते शरीर ज्या कामाने दुखावले त्या कामाचे शास्त्र का शिकावे? याचे उत्तर मी इतिहासाच्या आधारे देणार आहे. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय मराठी माणसांनी लिहिला आहे, आणि त्याचा पुढचा अध्याय पांडेसऱ्यासारख्या ठिकाणीच लिहिला जायचा आहे.

१. दोन शब्द

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊ. 'अर्गोनॉमिक्स' हा शब्द 'एर्गॉन' म्हणजे काम आणि 'नोमोस' म्हणजे नियम, या दोन ग्रीक शब्दांपासून बनला. पोलिश निसर्गशास्त्रज्ञ वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ साली एका साप्ताहिकातील लेखमालेत तो वापरला. पुढे तो विस्मृतीत गेला. १९४९ साली इंग्लंडमध्ये हायवेल मरेल आणि त्यांचे सहकारी एकत्र आले, तेव्हा मरेल यांनी तो स्वतंत्रपणे पुन्हा घडवला. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र आणि यंत्ररचना यांचे अभ्यासक युद्धकाळात एकमेकांच्या जवळ आले होते. त्यांच्या समान कामाला नाव हवे होते, ते या शब्दाने दिले.

मराठीत मी याला 'श्रमानुकूलन' म्हणतो. मात्र या शब्दात एक मेख आहे. अनुकूल व्हायचे कोणी? माणसाने कामाला, की कामाने माणसाला? मागाची उंची तीच राहील, वेळ तीच राहील, ओझे तेच राहील आणि माणसाने मात्र वाकून, ताणून, सोसून त्याच्याशी जुळवून घ्यावे, ही रीत फार जुनी आहे. तिला शास्त्राची गरज नाही. यंत्र, हत्यार, बैठक, उजेड, वेळ आणि ओझे यांनी माणसाच्या शरीराशी जुळवून घ्यावे, हे या शास्त्राचे सूत्र आहे.

दुसरा शब्द 'पुनर्वसन'. हा आपल्या अधिक परिचयाचा आहे, कारण धरणग्रस्तांच्या संदर्भात तो वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत छापला जात आहे. 'वस्' म्हणजे राहणे. उठलेल्या माणसाला पुन्हा वसवणे ते पुनर्वसन. रुग्णाच्या बाबतीतही हाच अर्थ घेतला पाहिजे. आजाराने किंवा अपघाताने जो आपल्या कामातून, आपल्या मिळकतीतून उठला, त्याला तेथे पुन्हा वसवायचे आहे. ज्या गावात माणूस वसवायचा ते गावच न पाहता पुनर्वसन आखणाऱ्या अधिकाऱ्याला आपण नावे ठेवतो. मग कामाची जागा न पाहता रुग्णाचे पुनर्वसन कसे आखता येईल?

२. वैद्याने विचारायचा आणखी एक प्रश्न

कामाची जागा पाहणाऱ्या वैद्यांत पहिले ठळक नाव इटलीचे बर्नार्दिनो रामाझिनी (१६३३–१७१४) यांचे आहे. मोदेना शहरात त्यांच्या घरचा शौचकूप उपसण्याचे काम चालले होते. एक मजूर जिवाच्या आकांताने घाई करीत होता. रामाझिनींनी त्याला कारण विचारले, तेव्हा या कामात फार वेळ राहिले की डोळ्यांची आग होते आणि दृष्टी जाते, असे त्याने सांगितले. त्या उत्तराने त्यांना एका ग्रंथाची दिशा दिली. १७०० साली प्रसिद्ध झालेल्या त्या लॅटिन ग्रंथात कामकऱ्यांच्या रोगांचा एकेका धंद्यानुसार विचार आहे. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी आणखी धंद्यांची भर घातली. त्यांत बसून लिहिणारे कारकून आहेत आणि विणकाम करणाऱ्या स्त्रियाही आहेत. विणताना हात, बाहू, पाय आणि पाठ एकाच वेळी राबतात, शरीराचा कोणताही भाग सुटत नाही, हे त्यांनी नेमके टिपले आहे.

हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य रुग्णाला पुष्कळ प्रश्न विचारीत. त्यांत रामाझिनींनी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? आज सव्वातीनशे वर्षांनंतरही रुग्णाच्या कागदावर धंद्याचा रकाना असतो. परंतु त्यात बहुधा 'कामगार', 'नोकरी' किंवा 'घरकाम' एवढेच लिहिले जाते. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा आणि ओल्या फरशीवर कापडाची ट्रॉली ढकलणारा, हे दोघेही त्या रकान्यात 'कामगार'च असतात. त्यांची दुखणी मात्र निराळी असतात.

३. १८८४ ची मागणी

आता मुंबईकडे वळू. विणकरांच्या शरीराचा प्रश्न आपल्याकडे जाहीरपणे मांडला तो कोणा वैद्याने नव्हे, तर नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. आणि शेवटची मागणी अशी, की काम करताना ज्याला गंभीर इजा होईल त्याला बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

या निवेदनाकडे आपण कामगार चळवळीचा दस्तऐवज म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते ते श्रमानुकूलन आणि पुनर्वसन या दोन्ही शास्त्रांचे मराठी माणसाने मांडलेले मूळ सूत्रही आहे. विसावा, सुटी आणि कामाचे तास या मागण्या शरीर मोडू नये म्हणून होत्या. जखमींविषयीची मागणी मोडलेल्या शरीराची दखल घेण्यासाठी होती. लोखंडे यांनी दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या, कारण ज्याच्यासाठी लिहायचे तो माणूस एकच होता. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण सर्वजण उपभोगतो त्या रविवारमागे थकलेल्या पाठींचा हा इतिहास आहे.

अपंग झालेल्या कामगाराच्या मागणीला मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. भरपाईचा कायदा १९२३ साली आला आणि कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली. हे कायदे पैशाची सोय करणारे होते. त्या माणसाला पुन्हा कामावर उभे कसे करायचे, हे शिकवणारी विद्या आपल्याकडे त्यानंतर आली.

४. गिलब्रेथ दांपत्य आणि कमलाबाई निंबकर

या विद्येचे एक मूळ अमेरिकेत आहे. फ्रँक गिलब्रेथ हे मूळचे गवंडी. वीट उचलण्यासाठी गवंडी दर वेळी कमरेतून वाकतो, म्हणजे एका विटेसाठी आपल्या शरीराचा अर्धा भार तो खालीवर करतो, हे त्यांनी पाहिले. त्यांनी उंची बदलता येणारी पराती बनवली, विटा कमरेच्या पातळीवर आणल्या आणि एक वीट रचण्याच्या १८ हालचाली सुमारे ५ वर आणल्या. गवंड्याला त्यांनी नीट वाकायला शिकवले नाही. वाकण्याची गरजच काढून टाकली. हा भेद पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेले सैनिक हजारोंच्या संख्येने परतले, तेव्हा फ्रँक आणि त्यांच्या पत्नी, मानसशास्त्रज्ञ लिलियन गिलब्रेथ, यांनी हीच दृष्टी त्यांच्यासाठी वापरली. अपंगांसाठी हालचालींचा अभ्यास या विषयावर त्यांचे पुस्तक १९२० साली निघाले. उरलेल्या अवयवांना साजेल असे काम आणि हत्यार घडवता येते, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. फ्रँक १९२४ साली वारले. लिलियनबाईंनी पुढे अनेक वर्षे हे काम चालवले आणि हृदयविकार जडलेल्या गृहिणींना झेपतील अशा स्वयंपाकघरांच्या रचनेत भाग घेतला. कारखान्यातील गतीचा अभ्यास आणि रुग्णाचे पुनर्वसन एकाच घरात नांदत होते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडे ही विद्या जिने रुजवली ती स्त्रीही जन्माने अमेरिकन होती, पण आयुष्याने मराठी झाली. १९०० साली जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या क्वेकर पंथाच्या तरुणीने विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि त्या कमला निंबकर झाल्या. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, आणि जाईबाई म्हणजे इरावती कर्वे यांच्या कन्या, हे साहित्याच्या वाचकांना ठाऊक असेल. अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन कमलाबाई परतल्या आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते पहिले मानले जाते. १९५८ मध्ये नागपूरला दुसरे विद्यालय निघाले. १९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. त्याचे श्रेय कमलाबाईंकडे जाते.

तो काळच मुंबईत पुनर्वसनाच्या संस्था उभ्या राहण्याचा होता. पोलिओ झालेल्या आपल्या मुलीसाठी धडपडणाऱ्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. के. ई. एम.मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली हाजीअली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. याच सुमारास श्रमाचा अभ्यास करणाऱ्या संस्थाही निघत होत्या. मुंबईत केंद्रीय श्रम संस्था निघाली. अहमदाबादेत १९६६ साली व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था स्थापन झाली आणि ती पुढे राष्ट्रीय संस्था म्हणून नावारूपाला आली.

परंतु येथेच वाटा फुटल्या. श्रमाचा अभ्यास श्रम खात्याकडे आणि कारखाना निरीक्षकाकडे गेला, तर मोडलेल्या शरीराचा उपचार रुग्णालयाकडे आणि आरोग्य खात्याकडे. लोखंडे यांनी एका कागदावर लिहिलेले दोन प्रश्न दोन कपाटांत गेले. कामगाराची पाठ कारखान्यात दुखावत राहिली आणि रुग्णालयात शेकली जात राहिली. दोन्ही ठिकाणची माणसे एकमेकांना क्वचितच भेटली.

५. पाठशाळेची मर्यादा

फुटलेल्या या वाटा जोडण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. मारियान झाक्रिसॉन-फॉर्सेल या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली पाठदुखीच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. पाठीची रचना कशी असते, बसावे कसे, ओझे कसे उचलावे, हे तेथे शिकवीत. त्यांनी त्याला जे नाव दिले त्याचे शब्दशः मराठी भाषांतर 'पाठशाळा' असेच होईल, आणि असा श्लेष आपल्याच भाषेला साधतो. ही कल्पना जगभर पसरली.

तथापि पुढील दशकांत अशा शिक्षणाच्या परिणामांची तपासणी झाली, तेव्हा एक कटू सत्य पुढे आले. ओझे उचलण्याच्या शिक्षणावर झालेल्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आणि २०११ साली कॉक्रन संस्थेच्या वतीने प्रसिद्ध झाले. नीट उचलण्याचा केवळ उपदेश आणि सराव दिल्याने कामगारांची पाठदुखी टळते, असा पुरावा त्यांत सापडला नाही. गिलब्रेथ यांच्या गवंड्याची येथे आठवण व्हावी. विटा जमिनीवरच ठेवून वाकण्याची उत्तम पद्धत शिकवली, तरी दिवसातून हजार वेळा वाकणे चुकत नाही.

म्हणून उपचारकाने श्रमानुकूलन शिकायचे ते रुग्णाला नवे उपदेश करण्यासाठी नव्हे. कामाची जागा वाचता यावी, मोजता यावी आणि ती बदलण्यासाठी मालकाशी, मुकादमाशी नेमके बोलता यावे, यासाठी शिकायचे. असे मोजण्याची साधने अलीकडच्या काळात तयार झाली आहेत, आणि त्यांच्या निर्मितीत उपचारकांचाच मोठा वाटा आहे. लिन मॅकअॅटॅमनी आणि नायजेल कॉर्लेट यांनी १९९३ साली मान, खांदे, हात यांवरील ताण मोजण्याची 'रुला' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. २००० साली स्यू हिग्नेट आणि मॅकअॅटॅमनी यांनी संपूर्ण शरीरासाठी 'रेबा' ही पद्धत दिली. 'रेबा' तयार करताना श्रमशास्त्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी मिळून कामाच्या सहाशेहून अधिक स्थिती तपासून अंकित केल्या. मान किती वाकली, धड किती वळले, गुडघा किती मुडपला, ओझे किती होते, हे पाहून शेवटी एक अंक मिळतो. तो १ असेल तर चिंता नाही. तो ११ ते १५ च्या घरात गेला, तर काम तत्काळ बदलले पाहिजे.

ओझ्याचेही असेच आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे १९९१ चे सूत्र सांगते, की सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरावी. ओझे शरीरापासून २५ सेंटिमीटरवर आणि सुमारे कमरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर असले पाहिजे. तेच ओझे शरीरापासून ५० सेंटिमीटर दूर गेले, की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. ते थेट जमिनीवरून उचलायचे असेल तर ती ९ किलोच्याही आत येते. वारंवार उचलायचे असेल, अंग वळवून उचलायचे असेल, तर आणखी घटते. कापडाचा ताका जमिनीवरून, हात लांब करून, अंग वळवून उचलणाऱ्याची पाठ का जाते, याचे गणित या चार ओळींत आहे. ताका ठेवायला कमरेइतके उंच फळकूट दिले तर केवढा फरक पडेल, तेही याच गणितात आहे.

६. पांडेसऱ्यातील माग

हे सारे पांडेसऱ्यात कसे लागू पडते, ते पाहू. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने गेली सव्वाशे वर्षे खानदेश आणि सुरत यांना जोडले आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतील कुटुंबे त्या वाटेने येथे आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यांच्या शेजारी ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील, उत्तर प्रदेशातील आणि बिहारमधील कामगार राहतात. औद्योगिक वसाहतीत रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत, आसपास यंत्रमागांची खाती आहेत, आणि घराघरांत साड्यांचे धागे कापणाऱ्या, खडे व टिकल्या लावणाऱ्या स्त्रिया आहेत.

समजा, यंत्रमागावरचा एक कामगार कंबरदुखीसाठी उपचारकाकडे आला. उपचारक त्याला शेक देईल, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवील आणि आठवडाभर विश्रांती घे म्हणून सांगेल. यातला आठवडाभर विश्रांतीचा सल्ला आज शास्त्रशुद्ध मानला जात नाही. शिवाय त्या कामगाराचे वेतन विणलेल्या मीटरवर ठरते. आठवडाभर विश्रांती म्हणजे आठवडाभर मिळकत नाही. तो चौथ्या दिवशी मागावर परततो, आणि रुग्ण सांगितलेले ऐकत नाही अशी नोंद त्याच्या नावावर होते.

श्रमानुकूलन शिकलेला उपचारक याच रुग्णाला निराळे प्रश्न विचारील. किती माग सांभाळतोस? तुटलेला ताण्याचा धागा जोडायला मागाच्या कोणत्या बाजूने वाकतोस, आणि एका पाळीत साधारण किती वेळा? कांड्यांची पेटी कोठे असते, जमिनीवर की हाताशी? भरलेला ताका कोण उतरवतो, एकटा की दोघे? बसायला काही आहे का? शेडमधल्या आवाजामुळे एकमेकांशी बोलता येत नसेल, तर जड वस्तू उचलताना साथीदाराला इशारा कसा देता? या प्रश्नांच्या उत्तरांतून जे उपाय निघतात ते बहुधा स्वस्त असतात. पेटीखाली एक चौकट, उभ्याने टेकता येईल असे उंच स्टूल, पायाखाली रबरी पट्टा, ताक्यासाठी चाकांची गाडी, आणि ताका दोघांनी उतरवण्याचा नियम. रुग्णाला आठवडाभर घरी बसवण्याऐवजी पहिले काही दिवस कमी मागांवर आणि ओझे न उचलण्याच्या अटीवर कामावर ठेवता येईल का, हे मालकाशी बोलून ठरवता येते. त्यात मिळकत थोडी घटते, पण बुडत नाही.

बसण्याच्या सोयीची मागणी ही कोणाची मेहेरबानी मागणे नव्हे, हेही उपचारकाला ठाऊक असावे. ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची योग्य व्यवस्था असली पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते, आणि इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये, असे ३४ व्या कलमात. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बैठकीची तरतूद आहे. लहान लहान खात्यांत विभागलेल्या यंत्रमाग धंद्यात कायदा कितपत पोहोचतो, हे आपण सर्व जाणतो. तथापि उपचारकाने आपल्या शिफारशीत 'रुग्णाला बसण्याची सोय हवी' असे सही-शिक्क्यानिशी लिहिले, तर त्या कागदाला वजन येते. कामगाराच्या तोंडी जी तक्रार ठरते, तीच उपचारकाच्या लेखी वैद्यकीय गरज ठरते.

घरात जमिनीवर बसून साडीला खडे लावणाऱ्या स्त्रीचे दुखणे याहून अदृश्य आहे. तिच्या कागदावर 'गृहिणी' असे लिहिलेले असते. मान खाली, पाठ वाकलेली, एका हाताची बोटे सतत चिमटीत, आणि मध्येच उठून पोळ्या लाटायच्या. तिच्या मानदुखीवर व्यायाम सांगण्यापूर्वी तिची बैठक पाहिली पाहिजे. साडी मांडीवर न घेता एका उतरत्या पाटावर ताणून ठेवली, पाठीला भिंतीचा आधार घेतला, उजेड डावीकडून घेतला, तर मान कितीतरी कमी वाकते. हा पाट पांडेसऱ्यातला कोणताही सुतार तासाभरात करून देईल. तो सुचवण्यासाठी मात्र कोणी तरी तिच्या घरात जाऊन बसले पाहिजे.

आपल्या देशात या दृष्टीचा एक उज्ज्वल पुरावाही आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये शिल्पकार रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला कृत्रिम पाय जगभर नावाजला गेला. त्यामागील विचार असा होता, की आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात उतरतो. तेव्हा पाय त्याच्या जगण्याला साजेल असा हवा. परदेशी पायाला साजेल असे जगणे त्याने शिकावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही.

७. उपचारकाची स्वतःची पाठ

आतापर्यंत मी रुग्णाविषयी बोललो. परंतु उपचार करणारा हाही एक कामकरीच आहे. रुग्णाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घेणे, लकवा झालेल्या माणसाला उभे करणे, दिवसभर अंगठ्यांनी दाब देणे, खाली वाकून पायांचे व्यायाम करवणे, ही सर्व शारीरिक श्रमाची कामे आहेत. कंबर, मान आणि अंगठा ही उपचारकांच्या दुखण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. मघाशी सांगितलेली २३ किलोची मर्यादा हाताने धरता येईल अशा स्थिर वस्तूसाठी होती. माणूस ही तशी वस्तू नव्हे. तो हलतो, घाबरतो, अचानक भार टाकतो. म्हणून त्याच अमेरिकन संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्ण उचलण्यासाठी सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवली. प्रौढ माणसाचे वजन याच्या तिप्पट-चौपट असते. याचा सरळ अर्थ असा, की प्रौढ रुग्णाला एकट्याने उचलण्याची कोणतीही निर्धोक रीत नाही. सरकवण्याची चादर, खाटेची बदलती उंची, आधाराचा पट्टा आणि दुसरा माणूस, यांची योजना करावी लागते.

आपल्या रुग्णालयांत हे काम पुष्कळदा वॉर्डातले मामा आणि मावशी करतात, आणि घरी गेल्यावर रुग्णाची पत्नी किंवा सून करते. उपचारकाने श्रमानुकूलनाचे शिक्षण घेतले, तर त्याचा पहिला लाभ त्याच्या स्वतःच्या शरीराला, दुसरा त्या मामा-मावशींना आणि तिसरा त्या सुनेला होतो. स्वतःची कंबर सांभाळून काम करण्याची रीत ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याचा सल्ला रुग्णालाही पटतो. खुद्द वाकून, धापा टाकीत 'वाकू नका' म्हणून सांगणाऱ्याचे कोण ऐकणार?

२०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा संमत केला आणि भौतिकोपचार व व्यवसायोपचार या व्यवसायांना राष्ट्रीय स्तरावर वैधानिक चौकट मिळाली. शिक्षणक्रमाची नवी मांडणी करण्याची ही संधी आहे. महाविद्यालयात श्रमानुकूलन हा विषय शिकवला जातोच. परंतु तो वर्गात, संगणकासमोर बसलेल्या कारकुनाचे चित्र दाखवून शिकवला, तर येथील विद्यार्थ्याला त्याचा उपयोग थोडा. त्याच विद्यार्थ्याला एक पूर्ण पाळी मागाच्या शेडमध्ये, एक डाइंगच्या खात्यात आणि एक खडे लावणाऱ्या स्त्रीच्या ओट्यावर घालवू द्यावी, मोजपट्टी आणि कोनमापक देऊन. त्याला मिळणारे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसेल.

८. समारोप

श्रोतेहो, आपण रामाझिनींच्या प्रश्नापासून निघालो आणि लोखंडे यांच्या निवेदनावरून, कमलाबाईंच्या विद्यालयावरून या वस्तीतल्या मागापर्यंत आलो. या प्रवासातून मला जे सांगायचे होते ते थोडक्यात असे. माणसाला बरे करून त्याला मोडणाऱ्या कामावर जसेच्या तसे परत पाठवणे हा अर्धाच उपचार होय. उरलेला अर्धा भाग कामाच्या जागी करायचा असतो, आणि तो करण्याची विद्या उपचारकाने आत्मसात केली पाहिजे.

या सभागृहात माजी विद्यार्थी मोठ्या संख्येने बसले आहेत. त्यांत उपचारक आहेत, तसे मागांचे मालक आहेत, गिरण्यांतले सुपरवायझर आहेत, सुतार आहेत, शिक्षक आहेत आणि मागावर उभे राहणारेही आहेत. एरवी ही मंडळी एकमेकांसमोर येतात ती मजुरीच्या, भरपाईच्या किंवा आजाराच्या निमित्ताने. शाळेच्या नात्याने ती एका बाकावर बसलेली आहेत. माझी विनंती अशी, की उपचारक माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक दिवस एखाद्या खात्यात घालवावा, मालक माजी विद्यार्थ्यांनी त्यांना दार उघडून द्यावे, आणि जे बदल सुचतील त्यांतला निदान एक, मग तो एका स्टुलाचा का असेना, त्या महिन्यात करून दाखवावा. कोणते काम किती उंचीवर असावे, हे ठरवताना मागावरच्या माणसाला प्रथम विचारावे. त्याची पाठ काय सांगते, ते तोच जाणतो.

१८८४ साली मुंबईत अर्ध्या तासाच्या विसाव्यासाठी हजारो लोकांना सह्या कराव्या लागल्या. त्यांतल्या अनेकांना लिहिता येत नसणार. त्यांच्या पणतवंडांच्या पिढीतली मुले आज लिहितात, मोजतात आणि उपचार करतात. गुरुजींनी या वस्तीत अक्षरे शिकवली ती यासाठीच, असे मी मानतो.